अल्प पुंजीचा अर्जदार

दिवाळीची सुटी सरून महाविद्यालये पुन्हा गजबजू लागली, की विज्ञानशाखेचे काही विद्यार्थी आपल्या जुन्या शिक्षकांच्या घरची वाट धरतात. अमेरिकेतील विद्यापीठांच्या पीएच.डी.च्या अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरात संपते, आपल्याकडील टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेशपरीक्षाही सामान्यतः त्याच महिन्यात येते, आणि या धांदलीत गुणपत्रके, शिफारसपत्रे व स्वतःच्या हेतूचे निवेदन यांची जुळवाजुळव करता करता बहुतेकांच्या मनात एकच शंका घर करून बसते : आपण आजवर केलेले संशोधन इतके थोडे आहे, की निवड करणाऱ्यांच्या नजरेत ते भरेल तरी का?

गेल्या वर्षी अशीच एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातून ती रसायनशास्त्राची बी.एस्सी. झाली होती आणि आता एम.एस्सी.च्या अखेरच्या वर्षात होती, वडील एस.टी.त वाहक. पदवीच्या तीन वर्षांत संशोधन म्हणून जे तिच्या वाट्याला आले ते एका उन्हाळ्यातील आठ आठवडे. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिघी मिळून विद्यार्थ्यांना उन्हाळी संशोधनाची जी शिष्यवृत्ती देतात, तीवर ती पुण्यातील एका प्रयोगशाळेत राहून आली होती. “सर, माझ्याकडे एवढंच आहे. बाकीच्यांच्या अर्जांत तीन-तीन इंटर्नशिप आणि दोन-दोन पेपर असतात. एवढ्यावर भागेल का?” असे तिने विचारले, आणि विचारताना तिची दृष्टी हातातल्या फाईलवरून वर उठली नाही.

मी तिला तत्काळ उत्तर दिले नाही. तिची प्रयोगाची नोंदवही मात्र मागून घेतली. प्रयोग साधा होता आणि असे प्रयोग आपल्याकडील पुष्कळ प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांच्या हाती दिले जातात. मिथिलीन ब्लू हा निळा रंग पाण्यात विरघळवायचा, त्यात झिंक ऑक्साइडची भुकटी उत्प्रेरक म्हणून घालायची, त्यावर अतिनील प्रकाश सोडायचा, आणि ठरावीक अंतराने थोडे थोडे द्रावण काढून त्याचा रंग किती उतरला हे स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजायचे. पहिले चार आठवडे तिची मोजमापे जुळेनात; एकाच मात्रेचे दोन नमुने दोन निराळे आकडे दाखवीत. पाचव्या आठवड्यात एके दुपारी वीज गेली, एक नमुना कितीतरी वेळ अंधारात तसाच राहिला, आणि संध्याकाळी तिच्या ध्यानी आले, की प्रकाशाचा किरणही ज्याला लागला नाही अशा त्या नमुन्याचा रंगही बराचसा फिका पडला आहे. प्रकाशाने रंगाचे विघटन होण्यापूर्वीच त्याचा काही अंश भुकटीच्या पृष्ठभागाला चिकटत होता, आणि दिवा लावण्याआधी द्रावण कमी-अधिक वेळ ढवळले गेल्यामुळे प्रत्येक दिवसाचा आकडा वेगळा निघत होता. तेव्हापासून अर्धा तास अंधारात ढवळून मगच दिवा लावण्याचा नेम तिने ठेवला, आणि शेवटच्या आठवड्यांत आकडे एकमेकांना धरून चालू लागले. जाणत्या रसायनशास्त्रज्ञाला यात नवे काहीच नाही, ती काळजी घेण्याची रीत निबंधांतून लिहिलेली असते. परंतु तिला ती कोणी सांगितलेली नव्हती, आणि न सांगता ती तिथवर पोचली होती.

तिच्या निवेदनाच्या मसुद्यात या हकिगतीचे एक अक्षरही नव्हते. तेथे एवढेच लिहिले होते, की अर्जदाराला प्रकाश-उत्प्रेरणाच्या क्षेत्रातील कामाचा व स्पेक्ट्रोफोटोमीटर हाताळण्याचा अनुभव आहे. बाकीचे का गाळले, असे विचारता ती म्हणाली, “ते तर चुकलेलं होतं, सर.”

या एका वाक्यात मला आपल्या विज्ञानशिक्षणाचा सारा इतिहास दिसला. ज्या चार आठवड्यांत ती खऱ्या अर्थाने संशोधक झाली, तेच चार आठवडे तिला लज्जास्पद वाटत होते, आणि जे उपकरण कोणीही तीन दिवसांत शिकेल त्याची नोंद तिने ठळकपणे केली होती. संशोधनाच्या अनुभवाचे मोल महिन्यांच्या, इंटर्नशिपांच्या किंवा छापील निबंधांच्या संख्येने करणे हा या विषयातील मूळ घोटाळा आहे, असे माझे मत आहे. एका लहान प्रश्नाशी विद्यार्थी इतका काळ झुंजला असेल, की अपेक्षेविरुद्ध काही दिसले असता त्याने ते झाकले नाही, त्याचे कारण शोधले आणि ते दुसऱ्याला समजावून सांगता येईल इतके स्वतः समजून घेतले, तर तो अनुभव आठ आठवड्यांचा असला तरी पुरेसा आहे. आणि तसे काही घडलेच नसेल, तर तीन संस्थांची तीन प्रमाणपत्रेही त्या उणिवेची भरपाई करू शकत नाहीत.

परंतु पुरेसा म्हणजे कशासाठी पुरेसा, हेही पाहिले पाहिजे, कारण सर्व दरवाजांची कुलपे एकाच किल्लीने उघडत नाहीत. आपल्या देशातील प्रमुख संशोधनसंस्थांचा प्रवेश आजही मुख्यत्वे परीक्षा व मुलाखत या दोन पायऱ्यांनी होतो. भौतिकशास्त्रासाठी जेस्ट, इतर विषयांसाठी गेट अथवा नेट, टाटा संस्थेची स्वतःची परीक्षा, हे मार्ग सर्वांस ठाऊक आहेत. त्यांत पूर्वीच्या संशोधनाची अट नसते, आणि मुलाखतीत बहुधा अर्जदाराच्या आवडीच्या विषयापासून आरंभ करून त्याच्या मूलभूत समजुतीचा तळ कोठे लागतो हे पाहिले जाते. अशा ठिकाणी पदवीकाळातील अल्प अनुभव हा अडथळा आहे, असे समजून अर्जच न करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी मला मनःपूर्वक वाईट वाटते. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती 2023 च्या जानेवारीपासून दरमहा 37,000 रुपये झाली आहे, एस.टी. वाहकाच्या घरातील मुलीस तीवर ताठ मानेने संशोधन करता येते. केवळ भीतीपोटी ती संधी दवडण्यासारखे दुसरे नुकसान नाही.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे. तेथे पीएच.डी. पाच-सहा वर्षांची असते, पहिले वर्ष-दीड वर्ष अभ्यासक्रमाचे वर्ग असतात, जीवशास्त्राच्या अनेक विभागांत विद्यार्थ्याला आरंभी दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करून मग मार्गदर्शक निवडण्याची मुभा असते. म्हणजे तयार झालेला संशोधक नव्हे तर तयार होऊ शकणारा माणूस तेथे घेतला जातो. हे अल्पानुभवी विद्यार्थ्याच्या पथ्यावर पडणारे आहे. इंग्लंड व जर्मनीत बहुधा विद्यार्थी थेट एका ठरलेल्या प्रकल्पावर रुजू होतो, म्हणून तेथे पदव्युत्तर प्रबंधाचे वजन अधिक. मात्र अमेरिकेत ज्यांच्याशी स्पर्धा करावयाची त्यांची तयारीही जाणून घेतली पाहिजे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने 1969 मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात सहभागी करून घेण्याची योजना सुरू केली. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान 1987 पासून देशभरच्या विद्यापीठांत पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधनाचे वर्ग चालविण्यास अनुदान देते, आणि त्या अनुदानाचा लाभ अमेरिकेचे नागरिक व कायम रहिवासी यांनाच होतो. अर्थात तेथील चांगल्या महाविद्यालयातील विद्यार्थी अर्ज करतो तेव्हा त्याच्या पाठीशी दोन-तीन वर्षांचे सलग काम असणे ही काही असामान्य बाब नव्हे. त्यातच अलीकडच्या वर्षांत अनेक विभागांनी जीआरई या परीक्षेची अट काढून टाकली. तिचे दोष असतील. पण ज्याच्या महाविद्यालयाचे नाव निवडसमितीने कधी ऐकलेले नाही, अशा विद्यार्थ्याला त्या परीक्षेतील गुण ही आपली ओळख पटविण्याची एक सनद होती. ती गेल्यामुळे शिफारसपत्रांचा व संशोधनानुभवाचा भार वाढला आहे.

म्हणून त्या मुलीला मी खोटा दिलासा दिला नाही. पहिल्या रांगेतील पाच-दहा विभागांसाठी आठ आठवड्यांचा अनुभव सहसा कमी पडेल, असे मी तिला स्पष्ट सांगितले. ज्यांची नावे फारशी कानावर नसतात पण ज्यांत तिच्या विषयाचे निष्ठावंत अध्यापक आहेत, असे कितीतरी उत्तम विभाग आहेत. त्यांच्यासाठी तो पुरेसा ठरू शकेल, मात्र तो नीट सांगितला गेला पाहिजे. एकेका अर्जाचे शुल्क शंभर डॉलरांच्या आसपास असते, दहा अर्जांचा खर्च ऐंशी-नव्वद हजार रुपयांच्या घरात जातो, आणि हा पैसा ज्या घरातून यावयाचा आहे तेथे त्याचा अर्थ काय होतो हे मला ठाऊक आहे. तेव्हा शुल्कमाफीची सोय जेथे असेल तेथे ती मागावी, अर्ज चारच करावेत, आणि त्या त्या विभागात कोण कोणते काम करतो हे वाचून मगच करावेत, असा सल्ला मी दिला. त्यासोबत आणखी एक गोष्ट सांगितली. राष्ट्रीय प्रयोगशाळांत प्रकल्प-साहाय्यकाच्या जागांच्या जाहिराती वर्षभर निघत असतात, मुलाखतीला थेट जाता येते, आणि अशा जागी काढलेले एक वर्ष वाया गेलेले वर्ष नसते. आपल्याकडे शिक्षणात पडलेल्या खंडाला कलंक समजण्याची रीत आहे. प्रयोगशाळेत काढलेल्या वर्षाला खंड हे नावच लागू होत नाही.

थोड्या साधनांत मोठे काम करणाऱ्यांची उदाहरणे अशा वेळी हटकून दिली जातात, आणि आपल्या प्रांतात त्यांतील पहिले नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचे असते. फर्ग्युसन महाविद्यालयात असतानाच 1927 मध्ये स्वतंत्र गणिती कामाबद्दलचे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले; पुढे पदव्युत्तर शिक्षण न घेता 1930 ते 1962 पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिक्षक राहिले, आणि 6174 या संख्येचा आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जाणारा गुणधर्म त्यांनी त्याच काळात, 1949 मध्ये, जगापुढे मांडला. या आयुष्यापुढे मी नतमस्तक आहे. तथापि रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला कापरेकरांचा दाखला देऊन घरी पाठविणे मला अन्यायाचे वाटते, कारण गणितज्ञाला कागद व लेखणी पुरते आणि तिला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो, तो चालू स्थितीत लागतो, आणि तो ज्या कपाटात आहे त्याची किल्ली हाती असलेला माणूस दयाळू असावा लागतो.

मला अधिक उपयुक्त वाटते ते चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या पहिल्या निबंधाचे उदाहरण. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात विद्यार्थी असताना ते महाविद्यालयाच्या स्पेक्ट्रोमीटरवर लोलकाचा कोन मोजीत होते. हे प्रात्यक्षिक आजही आपल्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना असते. मोजताना त्यांना विवर्तनाचे पट्टे दोन्ही बाजूंस सारखे नसल्याचे दिसले, आणि त्या असमानतेचा त्यांनी पाठपुरावा केला. 1906 च्या नोव्हेंबरात, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांचा त्यावरील निबंध लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे संशोधनाचे बीज तेथे ठरीव प्रात्यक्षिकाच्या तासातच होते. आपल्याकडील प्रात्यक्षिकाच्या तासाला काय घडते? अपेक्षित उत्तर आधीच ठाऊक असते, जर्नल गेल्या वर्षीच्या जर्नलावरून उतरविले जाते, आणि एखाद्याचे वाचन वेगळे आले तर ते खोडून बरोबर आकडा लिहिण्यास सांगितले जाते. जिचा अंधारातील नमुना फिका पडला त्या मुलीला ते चुकल्यासारखे वाटावे, ही सवय तिला तीन वर्षे अशाच तासांनी लावलेली होती. मी स्वतः कित्येक वर्षे ते तास घेतले आहेत आणि या दोषाचा माझाही वाटा मी मान्य करतो.

या भीतीचा बाजारही झाला आहे. अर्जात निबंध दिसला पाहिजे या समजुतीने काही हजार रुपये भरून आठवड्याभरात कोणत्याशा नियतकालिकात मजकूर छापून आणणारे विद्यार्थी आता पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच भेटू लागले आहेत, आणि त्यांना तो मार्ग दाखविणारे बहुधा त्यांचे शिक्षकच असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 च्या मे महिन्यात आपल्या मान्य यादीतून 4,305 नियतकालिके एकदम काढून टाकली होती, यावरून या रोगाचा विस्तार कळावा. जाणकार परीक्षकाला असा निबंध ओळखण्यास फार वेळ लागत नाही, आणि एकदा ओळखला की अर्जातील उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा इतबार उडतो. हात रिकामे असणे परवडते. हातात खोटे नाणे असणे परवडत नाही.

खऱ्या संधी थोड्या आहेत, पण आहेत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम 2004 पासून चालू आहे, आणि त्यात विद्यार्थी एकाच प्रकल्पावर सुट्यासुट्यांत येऊन वर्ष-दोन वर्षे काम करू शकतात. मला हा नमुना उन्हाळी शिष्यवृत्त्यांपेक्षाही श्रेष्ठ वाटतो, कारण संशोधनाला जो विसावा व पुनर्विचार लागतो तो त्यात आहे. टाटा संस्था व पुण्याची आयुका ही खगोलविज्ञान संस्था यांचे सुटीतील कार्यक्रम आहेत. राज्यातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ संशोधनस्पर्धाही मनापासून केली तर शिकवून जाते. मात्र यांतील जागांची संख्या आणि आपल्या संलग्न महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या विज्ञान पदवीधरांची संख्या यांचा मेळ कधीच बसणार नाही, म्हणून शेवटी प्रश्न महाविद्यालयांच्याच दारी येतो.

आणि तो आता टाळता येणार नाही. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी चार वर्षांची होत आहे. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण मिळविणाऱ्याला चौथे वर्ष संशोधनासह करता येईल, आणि अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी 75 टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी थेट पीएच.डी.च्या प्रवेशास पात्र ठरेल. पदवीकाळातील संशोधन हे आजवर हौशीचे व नशिबाचे काम होते, ते आता अधिकृत अर्हता होऊ पाहत आहे. ज्या महाविद्यालयात अध्यापकांच्या निम्म्या जागा तासिका तत्त्वावर भरलेल्या आहेत आणि महागडे उपकरण तपासणी समिती येईल त्या दिवशीच आच्छादनातून बाहेर निघते, तेथे चौथ्या वर्षाचा प्रबंध कशाचा होईल? मान्यता देण्यापूर्वी विद्यापीठांनी मार्गदर्शक किती, चालू उपकरणे किती आणि त्यांवर विद्यार्थ्याचा हात आठवड्यातून किती तास पडतो, एवढ्या तीन गोष्टींची प्रत्यक्ष तपासणी करावी. ती न करता दिलेली मान्यता म्हणजे विद्यार्थ्याच्या आयुष्यातील एक वर्ष घेऊन त्याला कागद देणे होय.

निवडसमितीवर बसणाऱ्यांविषयीही एक शब्द लिहिला पाहिजे. अर्जदाराने किती केले हे पाहताना त्याला किती करता येण्याजोगे होते, हे पाहणे न्यायाचे आहे. ज्याच्या वसतिगृहापासून प्रयोगशाळा पाच मिनिटांवर होती त्याचे तीन प्रकल्प आणि जिने आठ आठवड्यांसाठी प्रथमच जिल्हा ओलांडला तिचा एक, यांना एकाच तागडीत घालणारा परीक्षक संधी मोजतो आणि तिला गुण समजतो.

परंतु समितीला हे कळावे कोठून? विद्यार्थ्याने स्वतः सांगितले तर ती तक्रार वाटते. ते सांगण्याचा अधिकार व कर्तव्य शिक्षकाचे आहे, आणि आपण शिक्षक तेथेच सर्वाधिक उणे पडतो. “पत्र तूच लिहून आण, मी सही करतो,” असे सांगणारे अध्यापक मला ठाऊक आहेत. आणि जे स्वतः लिहितात त्यांच्याही पत्रांत विद्यार्थी मेहनती, नम्र व वक्तशीर असल्याचा जो मजकूर असतो, तो नाव बदलून कोणासही लागू पडावा असा असतो. वीज गेली त्या दुपारी काय दिसले, त्यानंतर तिने काय केले आणि ते तिला कोणी सांगितलेले नव्हते, या तीन वाक्यांचे पत्र त्या साऱ्या विशेषणांपेक्षा वजनदार आहे, आणि ते लिहिण्यासाठी शिक्षकाला फक्त नोंदवही उघडावी लागते.

त्या मुलीने मसुदा पुन्हा लिहिला. आता त्याचा आरंभ अंधारात राहिलेल्या नमुन्याने होतो. तिने चार अर्ज पाठविले, गेटला बसली, आणि प्रकल्प-साहाय्यकाच्या दोन मुलाखती देऊन आली. दिवाळी आता पुन्हा होऊन गेली आहे आणि अर्जांचे दिवस आले आहेत. माझ्या व्यवसायबंधूंना व भगिनींना माझी विनंती एवढीच, की या डिसेंबरात कोणी फाईल घेऊन दारी आले तर गुणपत्रक बाजूला ठेवून आधी नोंदवही मागा, तिच्यातली खोडलेली पाने वाचा, आणि मग पत्र लिहायला बसा.